ट्यूबमध्ये प्रथिनाबरोबर आणखी कोण होतं

घटसर्पाच्या लशीवर काम करायला मी प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा माझ्या वाट्याला दोन गोष्टी आल्या: उणे ऐंशीच्या फ्रीजरमधला एक प्लाझ्मिड (हवं ते जनुक वाहून नेणारा डीएनएचा तुकडा) आणि आधीच्या विद्यार्थ्याने काढलेला एक ग्राफ. ग्राफ देखणा होता. लशीचं प्रथिन ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेतलेलं होतं. प्रथिन टोचलेल्या उंदरांच्या अँटिबॉडी आभाळाला भिडलेल्या, नुसतं बफर टोचलेल्यांच्या जमिनीला चिकटलेल्या. मॅडमनी तो माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "यातलं आपल्या प्रोटीनमुळे किती आणि ई. कोलायमुळे किती, सांगता येईल?" सांगता येत नव्हतं. पुढचं माझं जवळजवळ सगळं काम या एका प्रश्नामागे गेलं.

घटसर्प म्हणजे गाई-म्हशींचा, माणसांतला नव्हे. पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे तो होतो. आशियात बी:२ आणि आफ्रिकेत ई:२ या सिरोटाइपमुळे, म्हणजे पोटप्रकारांमुळे. ताप चढतो, गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरू लागतो आणि बऱ्याचदा दिवसाभरात जनावर जातं. उपचाराला वेळच मिळत नाही, म्हणून सगळी भिस्त लशीवर. रूढ लस म्हणजे मारलेले अख्खे जिवाणू, तुरटीच्या किंवा तेलाच्या ॲडज्युव्हंटमध्ये, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणाऱ्या पदार्थात, कालवलेले. तुरटीवाल्या लशीचा परिणाम काही महिन्यांतच ओसरतो. तेलवाली जास्त टिकते, पण इतकी दाट असते की टोचणाऱ्याचा हात भरून येतो. अख्ख्या जिवाणूऐवजी त्याचं एखादं कामाचं प्रथिन वापरावं, हा विचार त्यातूनच आला. (कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना पाश्चरने १८८०च्या सुमारास जो जिवाणू कमजोर करून टोचला, तोही याच जातीचा. म्हणजे हा जिवाणू लशींच्या इतिहासात आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहे.)

आमचं प्रथिन होतं पीएलपीई, पाश्चुरेलाच्या बाहेरच्या पटलावरचं एक लिपोप्रोटीन, म्हणजे चरबी जोडलेलं प्रथिन. वेगवेगळ्या सिरोटाइपमध्ये ते बरंचसं सारखं असतं, आणि उंदीर व कोंबड्यांना ते एकाहून अधिक सिरोटाइपपासून वाचवतं, हे २००७ पासून माहीत आहे. उंदीरच का, याचं उत्तर साधं आहे: घटसर्पाचे जिवाणू उंदराला फार लवकर मारतात. लस दिलेल्या म्हशीचं सीरम (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव) उंदराला देऊन तो तगतो का हे पाहणं ही या आजारातली जुनी, रुळलेली चाचणी आहे.

प्लाझ्मिड ई. कोलायच्या बीएल२१ (डीई३) या स्ट्रेनमध्ये घातला. या स्ट्रेनमध्ये लॉन आणि ओम्प-टी ही प्रथिनं कापणारी एन्झाइमं नसतात, म्हणून परकं प्रथिन टिकायची शक्यता वाढते. जनुकाच्या सुरुवातीचा सिग्नलचा तुकडा आधीच काढून टाकलेला होता. तो ठेवला तर ई. कोलाय प्रथिनाला चरबीची शेपटी लावून पटलात नेऊन बसवतो, आणि मग ते तिथून सोडवणं जिकिरीचं होतं. पण चरबी गेली की एक गोष्ट हातची जाते. खऱ्या लिपोप्रोटीनची ती शेपटी शरीरातल्या टीएलआर२ या, जिवाणूची चाहूल घेऊन प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या रिसेप्टरला जागं करते. आमच्या बिनशेपटीच्या प्रथिनात ती ताकद नव्हती. मग जुन्या ग्राफमध्ये ॲडज्युव्हंट न दिलेल्या उंदरांनीही एवढ्या अँटिबॉडी कशाच्या जोरावर बनवल्या होत्या? मॅडमचा प्रश्न इथूनच निघालेला होता.

प्रथिन बनवायचा भाग कुठल्याही हस्तपुस्तिकेत सापडेल, तरी दोन शब्द. कल्चर गढूळ व्हायला लागलं की आयपीटीजी, म्हणजे जिवाणूला प्रथिन बनवायला लावणारं रसायन, घालायचं. ३७ अंशांवर ठेवलं तर प्रथिन भरपूर बनतं, पण पेशीच्या आत गोळे होऊन बसतं. मग ८ मोलर युरियात ते उलगडायचं आणि युरिया हळूहळू काढत पुन्हा घडी बसायची वाट पाहायची. घडी नीट बसली की नाही, याची खात्री कधीच पूर्ण होत नाही, म्हणून मी १८ अंशांवर रात्रभर वाढवण्याची वाट धरली. प्रथिन कमी मिळालं, पण बरंचसं विरघळलेलं मिळालं. पेशी फोडताना एक गंमत दिसते. सोनिकेटरचा दांडा बर्फातल्या ट्यूबमध्ये सोडला की सुरुवातीला द्रव चिकट होतो, पिपेट वर उचलली की तारा सुटतात. तो पेशींतून बाहेर पडलेला डीएनए. आणखी झटके दिले की त्याचे तुकडे होतात, तारा जातात आणि द्रव पाण्यासारखा ठिबकायला लागतो. हाताला हे एकदा कळलं की घड्याळ लावायची गरज उरत नाही.

पुढे निकेलचा कॉलम. प्रथिनाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडलेली असते, ती निकेलला धरून बसते. मग इमिडॅझोल सोडलं की ते निकेलवरची जागा बळकावतं आणि प्रथिन सुटून खाली येतं. कॉलमचा निळसर-हिरवा रंग मला आवडायचा, आणि तो उपयोगाचाही आहे: ईडीटीए चुकून शिरलं तर कॉलम पांढरा पडतो, डीटीटी शिरलं तर तपकिरी. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर टॅगसकट, म्हणजे हिस्टिडिनच्या शेपटीसकट, ४० किलोडाल्टनच्या आसपास एक जाड पट्टा आला. त्याखाली पंचविशीजवळ एक फिकट रेघ, वर सत्तरीत आणखी एक. ही मंडळी ओळखीची आहेत. स्लाय-डी आणि आर्न-ए ही ई. कोलायची स्वतःची प्रथिनं, अंगभूत हिस्टिडिनमुळे निकेलला चिकटतात आणि निमंत्रण नसताना पंगतीला बसतात. बहुतेक शोधनिबंधांतल्या जेलच्या फोटोत ती असतात, आणि मजकुरात 'शुद्ध प्रथिन' असं लिहिलेलं असतं. मी आयन-एक्स्चेंजचा, म्हणजे विद्युतभारावरून प्रथिनं वेगळी करणारा, आणखी एक कॉलम लावला. रेघा गेल्या, सोबत थोडं प्रथिनही गेलं.

एवढं करून जेल स्वच्छ दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण आमची खरी अडचण जेलवर दिसणारी नव्हतीच. लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एंडोटॉक्सिन, ई. कोलायच्या बाहेरच्या पटलाचा मुख्य घटक आहे. पेशी फोडली की तो ढिगाने बाहेर येतो, प्रथिनांना चिकटतो, आणि जेल रंगवायच्या कुमासीच्या निळ्या रंगात त्याचा पत्ताही लागत नाही. तो टीएलआर४ या, टीएलआर२सारख्याच रिसेप्टरला जागं करतो, आणि इतक्या जोमाने की नॅनोग्रॅममध्ये मोजावा लागतो. एंडोटॉक्सिन शरीराला कशातून कळतं, हे कोडं उंदरांनीच सोडवलं, हे इथे सांगायला हवं. सी३एच/एचईजे नावाचे उंदीर एंडोटॉक्सिनला दाद देत नाहीत, हे कित्येक वर्षं माहीत होतं. त्यांच्या टीएलआर४च्या जनुकात दोष आहे हे १९९८ मध्ये उघड झालं, आणि त्या कामाला २०११च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

माझ्या पहिल्या बॅचचं एंडोटॉक्सिन मोजलं. मोजायची पद्धत नालेखेकड्याच्या निळ्या रक्तावर आधारलेली आहे. त्याच्या रक्तपेशींचा अर्क एंडोटॉक्सिनच्या चाहुलीने गोठतो, आणि किती लवकर गोठला यावरून प्रमाण कळतं. आता खेकड्याला न दुखवता, त्यातलं एकच प्रथिन प्रयोगशाळेत बनवूनही ही चाचणी करता येते, आणि आम्ही तीच वापरली. आकडा आला तो पाहून मॅडम हसल्या. "हे प्रोटीन नाही, हे ॲडज्युव्हंट आहे. प्रोटीन त्यात तोंडी लावायला आहे."

स्वच्छ करण्याच्या दोन-तीन वाटा होत्या. पॉलिमिक्सिन बी लावलेला कॉलम एंडोटॉक्सिन धरून ठेवतो, पण आमचं प्रथिनही त्याच्यावर बरंच अडकून राहत होतं. शेवटी ट्रायटॉन एक्स-११४ हा डिटर्जंट उपयोगी पडला, आणि या कामातला मला सगळ्यात आवडलेला टप्पा तोच. थंडीत हा डिटर्जंट पाण्यात पूर्ण विरघळतो. साधारण २२-२३ अंशांच्या वर गेला की पाण्यापासून फारकत घेतो. प्रथिनाच्या थंडगार द्रावणात तो घालायचा, बर्फावर हलकेच फिरवत ठेवायचं, आणि मग ट्यूब ३७ अंशांच्या पाण्यात सोडायची. बघता बघता स्वच्छ द्रव दुधाळ होतो. गरम ठेवूनच सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी एक छोटा, तेलकट, पारदर्शक थेंब बसतो. एंडोटॉक्सिनला चरबीचा भाग असतो, त्यामुळे ते त्या थेंबात जातं. चरबीची शेपटी नसलेलं आमचं पीएलपीई वरच्या पाण्यात राहतं. वरचं पाणी थेंबाला धक्का न लावता उचलायचं, पुन्हा थंड करायचं, पुन्हा डिटर्जंट. खोली गार असेल आणि तुम्ही रेंगाळलात, तर थेंब परत विरघळायला लागतो आणि सगळं मुसळ केरात. म्हणून आम्ही पिपेटची टिपंसुद्धा गरम ठेवायला लागलो. आणखी गंमत म्हणजे, आमच्या प्रथिनाची चरबीची शेपटी मूळची असती तर तेही थेंबातच गेलं असतं. आधी ज्याबद्दल हळहळ वाटली, तेच इथे पथ्यावर पडलं.

डिटर्जंट उरतो तो मणीदार रेझिनने शोषून घ्यावा लागतो. तो राहिला तर उंदराच्या कातडीला त्रास, आणि चाचणीतही घोळ: डिटर्जंट एंडोटॉक्सिनला झाकून ठेवतो आणि आकडा फसवा, छोटा येतो. म्हणून प्रत्येक नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ते परत सापडतं का, हे बघायचं. सापडलं नाही तर तो छोटा आकडा विसरायचा. काचेची भांडी ऑटोक्लेव्ह केली म्हणजे झालं, असं समजणारे पुष्कळ भेटतात. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन मरत नाही. त्याला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास तरी लागते. आमच्याकडे त्यासाठी वेगळी भट्टी होती आणि तिच्यातून निघालेल्या बाटल्यांना हात लावायची परवानगी मोजक्याच लोकांना. सुरुवातीला ही शिस्त अति वाटायची. नंतर मीच इतरांना हाकलायला लागले.

आता उंदीर. प्राणी-नैतिकता समितीपुढे प्रस्ताव ठेवला तेव्हा सर्वांत जास्त वेळ एका गटावर गेला. गट असे होते: स्वच्छ प्रथिन तुरटीच्या जेलसह, स्वच्छ प्रथिन एकटं, नुसतं तुरटीचं जेल, तशीच हिस्टिडिनची शेपटी असलेलं आणि त्याच कॉलममधून काढलेलं एक असंबंधित प्रथिन, आणि एक लहान गट पहिल्या अस्वच्छ बॅचचा. समितीतल्या एका सदस्याने विचारलं, "अस्वच्छ आहे हे माहीत असताना उंदरांना का देता?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की, हा गट नसेल तर जुन्या ग्राफचं काय करायचं हे कधीच कळणार नाही, आणि तसेच ग्राफ काढण्यात आणखी कितीतरी उंदीर जातील. गट लहान ठेवायच्या, मात्रा कमी ठेवायच्या आणि पहिल्या दिवशी दर काही तासांनी तपासणी करायच्या अटीवर मंजुरी मिळाली. असंबंधित प्रथिनाच्या गटावर मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा गट तोच होता.

बाल्ब/सी जातीच्या माद्या घेतल्या. माद्या पिंजऱ्यात कमी भांडतात. ॲनिमल हाउसचे काका त्यांना शेपटीला धरून कधीच उचलत नसत. पिंजऱ्यात एक पारदर्शक नळी ठेवायचे, उंदीर आपणहून आत शिरला की नळीसकट उचलायचे. असं उचललेले उंदीर कमी घाबरतात हे २०१० मध्ये संशोधनातून पुढे आलं, पण काकांना त्यासाठी शोधनिबंध लागला नव्हता. "भेदरलेला उंदीर तुमच्या आकड्यात पण भेदरतो," असं ते म्हणायचे. इम्युनॉलॉजीच्या भाषेत याला ताणाचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम म्हणतात.

तुरटीच्या जेलमध्ये प्रथिन नुसतं मिसळून चालत नाही, ते जेलच्या कणांवर चिकटायला हवं. फॉस्फेट बफर असेल तर फॉस्फेट ती जागा आधीच अडवतं, म्हणून प्रथिन ट्रिस बफरमध्ये घेतलं. मग सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवात प्रथिन उरलंय का पाहिलं, जवळपास नव्हतं. मानेमागच्या सैल कातडीखाली टोचलं. स्वच्छ गटांतले उंदीर पिंजऱ्यात परत ठेवल्याबरोबर गवत उकरायला लागले. अस्वच्छ बॅचवाले कोपऱ्यात अंग फुलवून, एकमेकांना चिकटून बसले. संध्याकाळपर्यंत तेही सावरले, पण ग्राफमागचं कारण तेव्हाच अर्धंअधिक दिसलं होतं.

बूस्टरनंतर रक्त घेतलं. वीस ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून दीडेक मिलिलिटर रक्त असतं, त्यातलं एका वेळी दहावा हिस्सा घेता येतो. म्हणजे सीरम हाती येतं ते थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक थेंब कशावर खर्च करायचा हे आधी ठरवावं लागतं. अँटिबॉडी मोजायच्या एलायझा चाचणीची प्लेट नेहमीच्या पद्धतीने लावली: टोचलेलं तेच प्रथिन प्लेटच्या तळाला, वर सीरम, मग एन्झाइम लावलेली अँटिबॉडी, मग रंग. निळं झालं, आम्ल घातल्यावर पिवळं. आणि असंबंधित प्रथिनाच्या गटाचे खळगेही पिवळे झाले! फिकट, पण नाकारता येणार नाहीत असे. या उंदरांनी पीएलपीई कधी पाहिलंच नव्हतं. ते ओळखत होते ती हिस्टिडिनची सामाईक शेपटी, आणि बहुधा दोन्ही बॅचमध्ये उरलेली ई. कोलायची बारीकसारीक प्रथिनं. जे टोचलं तेच प्लेटला लावलं, तर भेसळीविरुद्धच्या अँटिबॉडीही आपल्या खात्यात जमा होतात. जुन्या ग्राफमध्ये नेमकं हेच झालं होतं, आणि नुसतं बफर टोचलेल्या गटाशी तुलना करून ते कधीच दिसलं नसतं.

मग प्लेट बदलली. ई. कोलायमधून काढलेल्या प्रथिनाऐवजी पाश्चुरेलाच्याच बाहेरच्या पटलाचा अर्क तळाला लावला. तिथे पीएलपीई असतं, पण हिस्टिडिनची शेपटी नसते. असंबंधित गट जवळजवळ विझला. थोडी झाक राहिली, कारण ई. कोलाय आणि पाश्चुरेला नात्यातले असल्याने त्यांची काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. स्वच्छ प्रथिन-तुरटीचा गट ठळक उरला. अँटिबॉडी कुठल्या प्रथिनाला चिकटतात ते दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर त्यांच्या सीरमने अपेक्षित उंचीवर एकच पट्टा दाखवला, टॅगच्या प्रथिनापेक्षा जरासा खाली. अस्वच्छ बॅचच्या सीरमने पट्ट्यांची शिडीच उभी केली.

आकड्यांकडे पाहिलं तर आमची पीछेहाट झाली होती. स्वच्छ प्रथिन एकटं टोचलेल्या उंदरांनी फारसं काहीच बनवलं नाही. तुरटीसह दिलेल्यांनी चांगलं बनवलं, पण जुन्या ग्राफच्या उंचीला ते पोचले नाहीत. शिवाय तुरटीमुळे अँटिबॉडींच्या प्रकारांपैकी आयजीजी१ वरचढ होतं, तर अस्वच्छ गटात आयजीजी२ए तुलनेने जास्त. एंडोटॉक्सिन प्रतिसाद त्या बाजूला झुकवतं. (हे आकडे सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांत काढायला जाऊ नका, त्यांच्यात आयजीजी२ए नसून आयजीजी२सी असतं, आणि चुकीची अँटिबॉडी वापरून 'प्रतिसाद नाही' असे निष्कर्ष निघालेले आहेत.) प्रयोगशाळेच्या बैठकीत एकाने स्पष्टच म्हटलं, की थोडं एंडोटॉक्सिन राहू दिलं तर काय बिघडलं, लस चालल्याशी मतलब. मला ते पटलं नाही. एंडोटॉक्सिनसदृश ॲडज्युव्हंट हवाच असेल तर मोनोफॉस्फोरिल लिपिड ए आहे, तो मोजून घालता येतो. प्रत्येक बॅचला वेगळ्या प्रमाणात निघणारी घाण हा ॲडज्युव्हंट नव्हे.

संरक्षणाच्या चाचणीतही हाच धागा पुढे आला. एंडोटॉक्सिन मिळालेल्या उंदराची जन्मजात प्रतिकारशक्ती काही काळ चढलेली असते. त्याला लगेच जंतुसंसर्ग दिला तर तो कुठल्याही अँटिबॉडीशिवायही थोडाफार तग धरू शकतो. म्हणून आम्ही लस दिलेल्या उंदरांना थेट संसर्ग न देता त्यांचं सीरम नव्या उंदरांना दिलं आणि मग चाचणी घेतली. हा भाग जैवसुरक्षा कक्षात, त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या लोकांनी केला. मृत्यूची वाट पाहायची नव्हती. पाठ वाकवून बसणं, केस पिंजारणं, शरीराचं तापमान उतरणं यांना गुण दिलेले होते आणि ठरलेली बेरीज झाली की उंदराला वेदना न होता मारायचं. स्वच्छ प्रथिनाच्या सीरमने बहुतेक उंदीर तगले. असंबंधित प्रथिनाच्या सीरमने तगले नाहीत. अस्वच्छ बॅचच्या सीरमने तगलेले स्वच्छ गटाएवढेच निघाले. म्हणजे जुन्या ग्राफमधल्या त्या जादा उंचीने एकही जादा उंदीर वाचवला नव्हता.

आता पुढचा टप्पा वासरांचा, आणि तो दुसऱ्या चमूकडे गेला आहे. उंदीर एंडोटॉक्सिन बरंच सोसतात; वासरू सोसत नाही, त्याची फुप्फुसं आधी तक्रार करतात. त्यामुळे त्यांनी आमच्याकडे बॅच मागितली तेव्हा पहिली अट एंडोटॉक्सिनच्या आकड्याची होती, प्रथिनाच्या प्रमाणाची दुसरी. एवढं प्रथिन ट्रायटॉनने धूत बसणं परवडणारं नाही, म्हणून सध्या मी प्लाझ्मिड क्लिअरकोलाय या स्ट्रेनमध्ये घालून पाहते आहे. त्याचं लिपोपॉलिसॅकराइड जनुकं बदलून जवळजवळ निरुपद्रवी केलेलं असतं. वाढतो मात्र रडतखडत, आणि प्रथिनही बीएल२१पेक्षा कमी देतो. निकेलच्या कॉलमवर चिकटणारी मंडळी त्याच्यातही आहेतच, तेव्हा आयन-एक्स्चेंज काही सुटणार नाही.